आमदाराला पैशांचा हिशेब कसा विचारायचा? करदात्यांचे नेहमीचे प्रश्न

महाराष्ट्राच्या २०२५-२६च्या अर्थसंकल्पात साधारण ७ लाख कोटी रुपयांचा खर्च दाखवला होता. अपेक्षित महसुली जमा ५,६०,९६४ कोटी, महसुली तूट (रोजचा खर्च महसुली जमेपेक्षा जितका जास्त) ४५,८९१ कोटी आणि राजकोषीय तूट (कर्ज काढून भरायची एकूण तूट) १,३६,२३५ कोटी. हा पैसा खर्च करायची परवानगी विधानसभेचे २८८ सदस्य देतात. त्यातला एक तुमचा आहे. त्याच्याकडून हिशेब घ्यायचा तर कोणता कागद कुठे मिळतो आणि प्रश्न कसा मांडायचा, ते इथे दिलं आहे.

मी आयकर भरत नाही. मग मी करदाता कसा?

राज्याच्या तिजोरीत आयकर थेट जातच नाही. तो केंद्राकडे जातो आणि वित्त आयोगाच्या सूत्रानुसार राज्यांना वाटा मिळतो. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांच्या वाट्यातला ६.३१७ टक्के हिस्सा महाराष्ट्राला दिला होता. राज्याचं स्वतःचं उत्पन्न येतं ते राज्य जीएसटी, पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट, मुद्रांक शुल्क, दारूवरचं उत्पादन शुल्क, मोटार वाहन कर आणि वीज शुल्कातून. दुचाकीत पेट्रोल भरणारी शेतमजूर बाई राज्याची करदाती आहे. 'आम्ही टॅक्स भरतो' हे म्हणायचा हक्क पगारदारांइतकाच तिचाही आहे, आणि आमदाराच्या कार्यालयात जाताना हे मनात पक्कं असावं.

कोणत्या करासाठी कोणाला विचारायचं?

इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो आणि लोकप्रतिनिधी त्याचा फायदा घेऊन 'ते आमच्याकडे नाही' म्हणत सुटतात.

आयकर आणि सीमाशुल्क असेल तर खासदाराला. मुद्रांक शुल्क, पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट, वाहन कर, व्यवसाय कर असेल तर आमदाराला. जून २०२४च्या अर्थसंकल्पात मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईत डिझेलवरचा कर २४ वरून २१ टक्के आणि पेट्रोलवरचा २६ वरून २५ टक्के करण्याचा प्रस्ताव आला. म्हणजे हे दर राज्याच्या हातात आहेत आणि अधिवेशनात बदलू शकतात. व्यवसाय कराला घटनेच्या कलम २७६ने वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. हा कर महाराष्ट्राने १९७५ साली रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करायला आणला. आज त्या कराचं उत्पन्न किती आणि रोजगार हमीवरचा खर्च किती, हा प्रश्न कोणत्याही आमदाराला विचारण्यासारखा आहे.

जीएसटीचे दर जीएसटी परिषद ठरवते. तिथे राज्याचा एक मंत्री बसतो, आमदार नाही. तरी परिषदेत राज्याने काय भूमिका घेतली, हे सभागृहात विचारण्याचा अधिकार आमदाराला आहे. घरपट्टी आणि पाणीपट्टी ग्रामपंचायत, नगरपरिषद किंवा महापालिकेकडे. मात्र त्या संस्थांचा कायदा राज्याचा असल्याने मोठी सवलत विधानमंडळातून येते. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाला तो २०२२ साली राज्याच्या निर्णयानेच.

करात आणि खर्चात आमदाराचं नेमकं काम काय?

रस्ता बांधणं हे त्याचं काम नाही. घटनेच्या कलम २६५ प्रमाणे कायद्याच्या आधाराशिवाय कर लावता येत नाही, आणि कलम २०३ व २०४ प्रमाणे विधानसभेने खात्यांच्या खर्चाच्या मागण्या मंजूर करून विनियोजन विधेयक (त्या खर्चाला परवानगी देणारं विधेयक) संमत केल्याशिवाय एकत्रित निधीतून, म्हणजे राज्याच्या मुख्य तिजोरीतून, पैसा काढता येत नाही. कर लावायची आणि खर्चायची, दोन्ही किल्ल्या त्याच्या हातात आहेत. विधान परिषदेचे ७८ सदस्य चर्चा करू शकतात, पण धन विधेयक (कर आणि सरकारी खर्चाचं विधेयक) त्यांना १४ दिवसांत शिफारशींसह परत करावं लागतं आणि त्या शिफारशी विधानसभेवर बंधनकारक नसतात.

एखाद्या खात्याच्या मागणीवर आमदार कपात सूचना देऊ शकतो. धोरणालाच विरोध असेल तर मागणी एक रुपयावर आणा असं सुचवायचं, विशिष्ट तक्रार मांडायची असेल तर शंभर रुपये कमी करा म्हणायचं. यामुळे पैसे खरोखर कमी होतात असं नाही, पण मंत्र्याला त्या विषयावर उत्तर द्यावं लागतं. गेल्या अर्थसंकल्पी अधिवेशनात तुमच्या आमदाराने किती कपात सूचना दिल्या, हे विचारून पाहा. बहुतेकांना हा प्रश्न पहिल्यांदाच ऐकायला मिळतो.

एक मर्यादा लक्षात ठेवा. व्याज, राज्यपालांचा आणि उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचा खर्च 'भारित' असतो. त्यावर चर्चा होते, मतदान होत नाही. शिवाय पगार, पेन्शन आणि व्याज मिळून महसुली जमेचा निम्म्याहून अधिक भाग आधीच बांधला गेलेला असतो. खरा वाद उरलेल्या पैशांवर आहे.

आमच्या आमदाराने अर्थसंकल्पावर मत कसं दिलं ते कळेल का?

बहुतेक वेळा नाही. मागण्या आवाजी मतदानाने मंजूर होतात. 'होय'चा आवाज मोठा आला की झालं, कोण काय म्हणालं याची नोंद राहत नाही. नावानिशी नोंद हवी तर कोणीतरी सदस्याने मतविभागणी मागावी लागते. त्यात वेळ संपला की चर्चा न झालेल्या खात्यांच्या मागण्या शेवटच्या दिवशी एकत्रच मताला टाकतात, त्याला गिलोटिन म्हणतात. हजारो कोटी अशा पद्धतीने काही मिनिटांत मंजूर होतात.

पक्षाने व्हिप (मत कसं द्यायचं याचा आदेश) काढला असेल तर विरोधात मत देणारा घटनेच्या दहाव्या परिशिष्टाखाली, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याखाली, अपात्र ठरू शकतो. म्हणून 'बजेटला विरोध का केला नाही' हा प्रश्न सत्ताधारी आमदाराला विचारून उपयोग नाही. बोलण्यावर आणि प्रश्न विचारण्यावर मात्र व्हिप नसतो. त्यामुळे विचारा ते हजेरीबद्दल, भाषणाबद्दल, तारांकित प्रश्न (मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं तो) आणि लक्षवेधीबद्दल (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना). कार्यवाही आणि प्रश्नोत्तरं विधानमंडळाच्या संकेतस्थळावर असतात. मुंबईच्या आमदारांच्या प्रश्नांचं आणि हजेरीचं प्रगतीपुस्तक प्रजा फाउंडेशन काढतं. इतर जिल्ह्यांत ते काम नागरिकांनाच करावं लागतं, आणि एका मतदारसंघासाठी ते दोन-तीन संध्याकाळींत होतं.

पुरवणी मागण्यांवर एवढा आक्षेप का घेतला जातो?

कारण अर्थसंकल्पाची शिस्त तिथे मोडते. कलम २०५ने पुरवणी मागणीची, म्हणजे अर्थसंकल्पानंतर जादा खर्च मागण्याची, सोय दिली ती आधी अंदाज न आलेल्या गरजेसाठी: अतिवृष्टी, न्यायालयाचा आदेश, केंद्राचा नवा हिस्सा. प्रत्यक्षात जुलै २०२४मध्ये एकाच अधिवेशनात ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. त्यातला मोठा वाटा मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचा होता. पूर्ण अर्थसंकल्प सादर होऊन तेव्हा दोन आठवडेही झाले नव्हते, तो २८ जूनला आला होता. २०२५च्या पावसाळी अधिवेशनात पुन्हा ५७,५०९ कोटी. लाडकी बहीण योजनेबद्दल कोणाचं मत काहीही असो, २८ जूनला माहीत नव्हतं असं त्यात काय होतं, हे विचारायलाच हवं.

पुरवणी मागण्यांची पुस्तिका वित्त विभाग प्रसिद्ध करतो. उघडून आपल्या जिल्ह्याचं नाव शोधा. प्रत्येक मागणीखाली दोन-चार ओळींचं कारण असतं, तेच महत्त्वाचं. केवळ हजार रुपयांची मागणी दिसली तर ती चूक समजू नका. ती लाक्षणिक असते: नव्या बाबीला सभागृहाची मान्यता घेऊन ठेवायची आणि पैसा त्याच खात्यातल्या दुसऱ्या बचतीतून वळवायचा. मग ती बचत कोणत्या कामाच्या पैशांतून होणार, हा पुढचा प्रश्न.

कॅगचा अहवाल सामान्य माणसाला उपयोगी आहे का?

आहे, आणि सगळ्यात कमी वापरला जाणारा कागद हाच आहे. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजेच कॅग, राज्याचे अहवाल राज्यपालांना देतात आणि कलम १५१(२) प्रमाणे ते विधानमंडळात मांडले जातात. अडचण वेळेची आहे. अहवाल बहुतेक वेळा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर येतात, दुसऱ्या दिवशी एक बातमी होते आणि विषय मिटतो. पटलावर आल्यानंतर तेच अहवाल कॅगच्या संकेतस्थळावर खुले असतात.

सुरुवात राज्याच्या वित्तव्यवस्थेवरच्या अहवालाने करा. त्यात तीन गोष्टी शोधा. उपयोगिता प्रमाणपत्रं किती थकली आहेत, म्हणजे पैसा दिला पण कशावर गेला याचा दाखला आलेला नाही. मंजुरीपेक्षा जास्त झालेला खर्च नियमित करून घेतला आहे का. आणि मार्चमध्ये, विशेषतः शेवटच्या आठवड्यात, किती टक्के पैसा उचलला गेला. नंतर तुमच्या जिल्ह्याचा किंवा खात्याचा उल्लेख असलेला परिच्छेद काढा आणि त्याचा क्रमांक लिहून ठेवा.

पुढे हा परिच्छेद लोकलेखा समितीकडे जातो. ही समिती खात्याच्या सचिवांना बोलावून जाब विचारते, आणि तिचं अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे. तुमचा आमदार या समितीत असेल तर त्याला परिच्छेद क्रमांकासह पत्र द्या. नसेल तर जिल्ह्यातला कोण आहे ते विधानमंडळाच्या संकेतस्थळावर दिसतं.

'आमदार निधी' म्हणजे नेमका किती आणि तो आमदाराच्या हातात असतो का?

आमदार स्थानिक विकास कार्यक्रमाचा निधी २०२२च्या अर्थसंकल्पात वर्षाला ५ कोटी करण्यात आला. तो आमदाराच्या खात्यात जमा होत नाही. आमदार कामाची शिफारस करतो, जिल्हाधिकारी प्रशासकीय मान्यता देतात आणि सार्वजनिक बांधकाम, जिल्हा परिषद किंवा नगरपरिषद काम करून घेते. नोंद जिल्हा नियोजन अधिकाऱ्याकडे असते. मतदारसंघातल्या सगळ्या शिफारशींची यादी एकाच अर्जात तिथून मिळते.

पण आमदाराच्या शब्दावर होणाऱ्या खर्चाचा हा लहान भाग आहे. ग्रामविकास विभागाच्या 'लोकप्रतिनिधींनी सुचवलेली मूलभूत सुविधांची कामं' या लेखाशीर्षाला (अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या क्रमांकित शीर्षाला) गावोगाव 'पंचवीस-पंधरा' म्हणतात. सभामंडप, पेव्हर ब्लॉक, संरक्षक भिंती, गावातले काँक्रिट रस्ते यातून होतात. कामांची यादी शासन निर्णयात नावानिशी येते: गाव, काम, लाखांतली रक्कम. शासनाच्या संकेतस्थळावर ग्रामविकास विभाग निवडून २५१५ शोधलं की जिल्हावार याद्या सापडतात. रस्त्यांसाठी ३०५४ (दुरुस्ती) आणि ५०५४ (नवं भांडवली काम) ही शीर्षं पाहा. जिल्हा वार्षिक योजनेचा पैसा पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा नियोजन समिती ठरवते, तिच्या बैठकांचं इतिवृत्त मागता येतं.

'आमदारांच्या विशेष प्रयत्नाने' अशा फलकाबद्दल काय करावं?

फलकावर काय नाही ते पाहा. लेखाशीर्ष, मंजूर रक्कम, ठेकेदाराचं नाव, काम पूर्ण करायची तारीख आणि दोषदायित्व कालावधी. हा कालावधी चालू असेपर्यंत खराब झालेलं काम ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचं असतं. तो संपायच्या आत लेखी तक्रार गेली नाही तर दुरुस्तीचा पैसा पुन्हा तुमच्याच करातून जातो. उद्घाटनाच्या फोटोऐवजी कार्यारंभ आदेशाची प्रत जपून ठेवा.

एखाद्या कामाचे कोणते कागद मागायचे?

माहिती अधिकार अर्जात सगळं मागायच्या फंदात पडू नका. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत असावा लागतो. शुल्क १० रुपये, प्रत पानाला २ रुपये. कामासाठी असा मजकूर पुरतो:

'मौजे ____ येथील ____ या कामाच्या (वर्ष ____, लेखाशीर्ष ____) पुढील कागदपत्रांच्या प्रती मिळाव्यात: प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता व अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं, गुणवत्ता चाचणी अहवाल, आजवर अदा केलेली देयकं, पूर्णत्वाचा दाखला.'

अर्ज काम करणाऱ्या कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे द्या, मंत्रालयात नको. चुकीच्या कार्यालयात गेलाच तर कलम ६(३) प्रमाणे त्यांनी तो ५ दिवसांत योग्य जागी पाठवायचा असतो.

मोजमाप पुस्तिकेत काय बघायचं?

ही झालेल्या कामाची मापं लिहायची वही. तिच्यात बघा लांबी, रुंदी, जाडी. समजा पुस्तिकेत ५०० मीटर लांब, ३.७५ मीटर रुंद आणि ५० मिलिमीटर जाड थर लिहिला आहे. हे ९३.७५ घनमीटर झालं. टेप घेऊन रस्त्यावर गेलात आणि रुंदी ३ मीटरच भरली, तर माल ७५ घनमीटर. वीस टक्के बिल हवेत गेलं. मोजताना दर ५० मीटरवर रुंदी घ्या, तारखेसह फोटो काढा आणि सोबत गावातल्या दोन-तीन जणांच्या सह्या घ्या. जाडी डोळ्याने ठरवू नका. माहिती अधिकाराच्या कलम २(ञ) प्रमाणे कामाची पाहणी करण्याचा आणि मालाचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क आहे, तो अर्जात स्पष्ट मागा.

आणखी दोन खुणा. एकाच रस्त्याचे 'भाग १', 'भाग २', 'भाग ३' असे तुकडे दिसले आणि प्रत्येकाची रक्कम ई-निविदेच्या मर्यादेच्या जरा खाली असेल, तर निविदा टाळली असण्याची शक्यता आहे. आणि तोच रस्ता एकदा आमदार निधीतून, एकदा पंचवीस-पंधरातून मंजूर असेल तर दोन्हींच्या साखळी क्रमांकांची (काम रस्त्याच्या कोणत्या अंतरापासून कुठवर झालं ते दाखवणारे आकडे) तुलना करा. एकच काम दोन शीर्षांत दाखवून दोनदा बिल काढण्याचा प्रकार असाच उघड होतो.

माहिती अधिकार अर्ज फेटाळले जातात ते का?

बहुतेक वेळा अर्जाच्या भाषेमुळे. 'रस्ता निकृष्ट का झाला?' हा प्रश्न आहे, माहिती नाही. कायद्यात माहिती म्हणजे कार्यालयात असलेला कागद. 'का'च्या जागी 'चाचणी अहवालाची प्रत' लिहा. 'गेल्या दहा वर्षांची सर्व कामं' मागितली तर संसाधनांचं कारण पुढे येतं, म्हणून एक वर्ष, एक शीर्ष घ्या.

३० दिवसांत उत्तर नाही किंवा अपुरं आलं तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील, त्यावर समाधान नसेल तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. दोन्हींना महाराष्ट्रात २० रुपये शुल्क आहे. दुसरं अपील सुनावणीला यायला खूप वेळ लागतो, म्हणून पहिल्या अपिलाच्या सुनावणीला कागदांची यादी घेऊन स्वतः हजर राहा. बरीच प्रकरणं तिथेच सुटू शकतात, कारण समोर बसलेल्या अर्जदाराला 'कागद सापडत नाही' सांगणं जड जातं. 'वैयक्तिक माहिती' असं कारण दिलं तर कलम ८(२)मधला व्यापक जनहिताचा मुद्दा अपिलात लिहा. सार्वजनिक कामाचं बिल ही ठेकेदाराची खाजगी बाब नव्हे.

आमचा प्रश्न आमदाराने विधानसभेत मांडावा यासाठी काय करायचं?

तयार प्रश्न द्या. चार पानी निवेदन कार्यालयात पडून राहतं. तारांकित प्रश्नांच्या सूचना अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्याव्या लागतात, त्यामुळे अधिवेशन सुरू झाल्यावर गेलात तर उशीर झाला. मसुदा 'हे खरे आहे काय की' या साच्यात लिहा: अमुक कामावर अमुक रक्कम खर्च झाली, हे खरे आहे काय, असल्यास चौकशी केली आहे काय, तदनुसार काय कारवाई केली वा करण्यात येत आहे, नसल्यास विलंबाची कारणे काय. सोबत माहिती अधिकारातून मिळालेला एक कागद जोडा. आमदाराच्या स्वीय सहायकाला हा मजकूर तसाच वापरता येतो, म्हणून तो पुढे जातो.

स्थानिक आमदार टाळत असेल तर शेजारच्या मतदारसंघाचा, विरोधी पक्षाचा किंवा विधान परिषदेतला सदस्यही तोच प्रश्न विचारू शकतो. उत्तरात मंत्री 'चौकशी करू' म्हणाले तर ते आश्वासन ठरतं आणि आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. ती तारीख टिपून ठेवा आणि पुढच्या अधिवेशनाआधी आमदाराला आठवण द्या.

आमदार स्वतःचा पगार स्वतः वाढवतात हे खरं आहे का?

हो. कलम १९५ने तो अधिकार विधानमंडळाला दिला आहे. ऑगस्ट २०१६मध्ये वेतनवाढीचं विधेयक चर्चेविना संमत झालं. माजी आमदारांचं निवृत्तिवेतनही याच मार्गाने वाढतं. ही वाढ स्वतंत्र समितीने ठरवावी आणि ती पुढच्या विधानसभेपासून लागू व्हावी, ही मागणी रास्त आहे. उमेदवार प्रचाराला दारात येतात तेव्हा ती लेखी मान्य करून घ्यावी.

काम न करणाऱ्या आमदाराला मधेच परत बोलावता येतं का?

नाही. आमदार-खासदारांसाठी आपल्याकडे तशी तरतूद नाही. परवानगीशिवाय सलग ६० दिवसांच्या बैठकांना गैरहजर राहिल्यास सभागृह जागा रिक्त जाहीर करू शकतं, पण ते सभागृहाच्या हातात आहे.

नगरसेवकच नसतील तर?

मार्च २०२२पासून मुंबई, पुण्यासह बहुतेक महापालिकांवर प्रशासक होते. मुंबईचा २०२५-२६चा ७४,४२७ कोटींचा अर्थसंकल्प आयुक्तांनी मांडला आणि प्रशासक म्हणून त्यांनीच मंजूर केला. त्या काळातल्या खर्चाचा हिशेब आता निवडून आलेल्या नगरसेवकांनी स्थायी समितीत मागितला पाहिजे. प्रशासक राज्य सरकार नेमतं, म्हणून त्या वर्षांबद्दल आमदारालाही विचारा. शासनाच्या आदेशानुसार जिल्हास्तरीय कार्यालयं आणि स्थानिक संस्थांमध्ये सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहता येतात. जाण्याआधी हवी असलेली नस्ती (फाइल) लेखी कळवली तर फेरी वाया जात नाही.

परदेशात किंवा दुसऱ्या राज्यात राहून हे करता येईल का?

भारतीय नागरिकत्व असेल तर माहिती अधिकार अर्ज कुठूनही करता येतो आणि राज्याचं ऑनलाइन पोर्टल त्यासाठी सोयीचं आहे. मोजणी मात्र गावातल्या माणसालाच करावी लागेल.

धोका वाटत असेल तर काय काळजी घ्यावी?

ही भीती अनाठायी नाही. तळेगाव दाभाडेचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची १३ जानेवारी २०१०ला हत्या झाली. ठेकेदारीचा आणि जमिनीचा पैसा जिथे आहे तिथे एकट्याने उतरू नका. एकाच कामाबद्दल पाच जणांनी पाच वेगवेगळ्या कागदांसाठी अर्ज करावेत. कलम ६(२) प्रमाणे माहिती का हवी हे सांगावं लागत नाही आणि संपर्काला लागेल त्यापलीकडे वैयक्तिक तपशील द्यावा लागत नाही. माहिती हातात आल्याच्या दिवशीच तिच्या प्रती गावाबाहेरच्या दोन ठिकाणी पाठवा आणि तसं केल्याचं सगळ्यांना कळू द्या. धमकी आली तर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन पोच घ्या, एक प्रत पोलीस अधीक्षकांना पाठवा आणि तीच प्रत आमदारालाही द्या, म्हणजे मला माहीतच नव्हतं असं त्याला म्हणता येणार नाही.